तोच हुंदका, तिसऱ्या गावातही

पत्र

मावशी, मी २३ वर्षांचा, कुडाळ तालुक्यातला. आमच्या जत्रेला दरवर्षी येणाऱ्या दशावतारी नाटक कंपनीत एक नट आहेत. स्त्रीपार्ट करतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांची तारामती बघून लहानपणी मी रडत घरी यायचो. यंदा नोकरी मिळेपर्यंत म्हणून त्यांच्याच कंपनीत लागलो, सामान उचलायला आणि माइकच्या वायरी बघायला. तीन गावांत तीनदा ‘हरिश्चंद्र’ झालं. तिन्ही वेळा तोच हुंदका, त्याच जागी. पदर दातात धरायचा, दोन श्वास थांबायचं, मग ‘बाळा’. आणि आत आले की डोळे ओले असतानाच, ‘चाय इली काय रे?’

एका रात्री मुकुट वाकलेला निघाला, तर पेटारा सांभाळणाऱ्या तात्यांना सगळ्यांसमोर नको ते बोलले. तात्या सत्तरीचे आहेत.

मी मामांना तारामतीसाठी दोन वाक्यं कागदावर लिहून दिली होती : ‘पाळण्याला लाकूड आणलं तेव्हा कुणी भाव विचारला नव्हता. आज चितेच्या लाकडाला विचारतात.’ ‘बघूया’ म्हणाले. चार दिवसांनी बोलले. सगळा मांडव गप्प झाला. कंपनीच्या म्होरक्या नाईकांनी आत येऊन विचारलं, ह्या खयसून आणलास? तर म्हणाले, ‘सुचलां तसां बोललंय.’ मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

कार्तिकात परत जाऊ की नको? त्यांचं काम आता बघवेल असं वाटत नाही. आई म्हणते, कलाकार असेच असतात.

उत्तर

बाळा,

आधी हुंदक्याचं बोलू. तुझं मूळ पत्र लांब आहे, इथे थोडकंच छापलंय. त्यात तात्यांबद्दल चार ओळी आहेत, तुझ्या वाक्यांबद्दल सहा, आणि त्या हुंदक्यावर अख्खं पान. म्हणजे सगळ्यात खोल तोच लागलाय.

तुझी समजूत अशी होती की मामा दर वेळी आतून फुटतात. ती समजूत का झाली तेही मला कळतं. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. नाईक आख्यान लावतो, कुणी काय व्हायचं ते ठरतं, माणसं आपापलं तोंड आपणच रंगवतात आणि उभी राहतात. हार्मोनियम, मृदंग, झांज आणि एक बाकडं, बस. तेच बाकडं राजाचं सिंहासन. बोलायचं ते जागच्या जागी. हे बघत वाढलेल्या पोराला वाटणारच की रडूही जागच्या जागी येतं.

पण जागच्या जागी बोलणाऱ्याच्या गाठीला आधी पुष्कळ काही बांधलेलं असावं लागतं, नाहीतर तो दुसऱ्या वाक्याला अडखळतो. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा लागतात त्या पाऊस तोंडावर येईपर्यंत. आज या गावात, उद्या त्या गावात, रात्र चढल्यावर सुरू करून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत उभं राहायचं. रोज रात्री खरोखर पोटचं पोर गेल्यासारखं रडला तर तो माणूस शिमग्याआधीच संपेल. म्हणून जाणता नट आपल्या दुःखाची वाट एकदा नीट शोधतो आणि मग रोज त्याच वाटेने चालतो. पदर दातात आणि दोन श्वास, ही मामांची वाट आहे. पुन्हा योग आला तर त्या दोन श्वासांत मामांकडे बघू नकोस, मृदंगावरच्या हाताकडे बघ. तो हात वर थांबलेला असेल. पुढे बसलेल्या बायका पदर शोधत असतील. त्या दोन श्वासांत सगळा मांडव मामांनी हातात धरलेला असतो. हे एका रात्रीत सुचत नाही रे. त्याला वर्षं गेली असतील, आणि पहिली कितीतरी वर्षं त्यांचा हुंदका लवकर तरी आला असेल नाहीतर उशिरा तरी.

पिंगुळी तुला लांब नाही. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या तिथे टिकून राहिल्या, त्यासाठी आयुष्य घातलेल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आपल्या गुरांच्या गोठ्याचं त्यांनी संग्रहालय केलं. एकदा जाऊन ये. मी गेले होते तेव्हा बाहुली जवळून पाहिली होती. लाकडाचं डोकं, आतून पोकळ झगा, दोऱ्या. दोरी कुठे बांधलीय ते बोटाने दाखवता येत होतं. आणि नंतर खेळ सुरू झाल्यावर तीच बाहुली मान वळवून माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आलाच. दोरी ठाऊक असूनही आला. तुझ्या बाबतीत एवढंच झालंय की दोरी तू पहिल्यांदाच पाहिलीस, आणि तीही एकटा असताना, पहाटे चारला, झोपेने डोळे चुरचुरत असताना.

आणि ‘चाय इली काय रे’ हे मनाला लावून घेऊच नकोस. चार-पाच तास सफेद्याखाली घाम गाळलेल्या माणसाला चहाच हवा असतो.

आपल्याकडे म्हणतात ना, रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. तू लहानपणापासून ऐकलं असशील, पण त्यातला रात्रीचा भागच तुझ्या वाट्याला आला होता. मांडवातून उठून घरी जाणाऱ्याला तेवढाच दिसतो. गेलेल्या माणसांवर भक्ती करणं म्हणूनच सोपं. मालगुंडला केशवसुतांचं घर बघायला आपण जातो, हळू आवाजात बोलतो, चपला काढतो. ते शाळामास्तर होते, पोटासाठी गावोगाव फिरले, १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. ते घरात कुणावर चिडत असतील, पगाराच्या दिवशी काय बोलत असतील, हे आपल्या कानावर येत नाही. तुझे मामा जिवंत आहेत. त्यांच्या शेजारी सतरंजीवर झोपायची पाळी आली की कानावर येणारच.

आता आईचं वाक्य. तिचा मान ठेवून सांगते, मला ते पटत नाही. ‘कलाकार असेच असतात’ म्हटलं की तात्यांचा अपमान कलेच्या खात्यात जमा होतो. तो तिथला नाही. गवंड्याने म्हाताऱ्या गड्याला चारचौघांत शिवी दिली तर आपण गवंडी असेच असतात म्हणत नाही, वाईट वागला म्हणतो. मामा त्या रात्री वाईट वागले. दमले असतील, उद्याच्या बिदागीची काळजी असेल, निरनिराळ्या कंपन्यांतले निवडक नट एकत्र येतात त्या संयुक्त दशावताराचं बोलावणं तरुण पोराला आलं आणि त्यांना आलं नाही म्हणून मनात जळत असेल. कारण काहीही असो. ज्या पेटाऱ्याला कंपनी हात जोडून कामाला लागते, तो सांभाळणाऱ्याला तसं बोलणं वाईटच.

पण मग तू काय केलंस? तुझ्या चार ओळींत ते नाही. तू गप्प राहिलास, असं मी धरून चालते. तुझ्या वयाच्या, त्यातून पहिल्याच मोसमाला गेलेल्या मुलाला नटाला उलट बोलणं जमणार नाही, हे मी समजू शकते. तात्यांच्या शेजारी बसून तो मुकुट सरळ करायला मात्र हात लावता आला असता. मामांवरच्या तुझ्या रागात थोडा स्वतःवरचा रागही मिसळलाय असं मला वाटतं, आणि तो काढून टाकायचा उपाय तुझ्याच हातात आहे. तात्या पावसाळ्यात कुठे असतात ते विचार आणि एकदा भेटून ये. मामांबद्दल एक शब्द काढू नकोस. मुकुट कसा दुरुस्त करतात ते शिकवा म्हणावं.

तुझ्या वाक्यांचं मात्र मला खरंच वाईट वाटलं. वाक्यं चांगली आहेत, म्हणून जास्त.

इथे माझी एक गोष्ट सांगते. मी एकोणीस वर्षांची असताना वेंगुर्ल्याहून एसटीने एका लेखकाच्या घरी गेले होते. नाव सांगणार नाही. त्यांची पानंच्या पानं मला पाठ होती. ते ओटीवर नखं कापत बसले होते. बायकोला दोनदा पाणी मागितलं, आणि ज्या आवाजात मागितलं तो आवाज मला आजही ऐकू येतो. माझ्याकडे एक वही होती, सतरा कविता, निळ्या शाईने सुवाच्य उतरवलेल्या. ‘ठेवून जा, वाचतो,’ म्हणाले. मी ठेवून आले. मग तीन पोस्टकार्डं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही, वही आली नाही. त्यातल्या काही कविता मला आता आठवत नाहीत, आणि त्या दुसरीकडे कुठे लिहिलेल्याही नव्हत्या.

अकरा वर्षं मी त्या माणसाचं अक्षर वाचलं नाही. कुणी नाव काढलं तरी उठून जायचे. मग एकदा गावच्या वाचनालयातून एक पुस्तक आणलं. नव्याने बांधलेलं, पुठ्ठ्याचं तपकिरी कव्हर, आतलं पहिलं पान फाटलेलं. वीस-बावीस पानं वाचली आणि एका वाक्यापाशी ओळख पटली. तेच होते. पुस्तक मिटायला हात गेला आणि मिटवेना, इतकं ते चांगलं होतं. त्या रात्री मला फार राग आला. त्यांच्यावर आलाच, पण ज्या वयात ते लिखाण मला हवं होतं ती अकरा वर्षं मी स्वतःलाच त्यापासून लांब ठेवलं, याचाही आला. वहीबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. पुढेही करेन असं वाटत नाही. पण त्यांची पुस्तकं माझ्या कपाटात आहेत.

म्हणून मामांचं काम बघायचं सोडू नकोस एवढं मी नक्की सांगते. ती तारामती जेवढी त्यांची आहे तेवढी ती बघत रडलेल्या तुझीही आहे. ती का टाकायची?

वाक्यांचं काय करायचं ते नीट ऐक. मौखिक नाटकात शब्द या तोंडातून त्या तोंडात जातात, एकाचं चांगलं वाक्य दुसरा उचलतो, ही रीतच आहे. मामांच्या तोंडी आज जे आहे त्यातलं कितीतरी त्यांच्या आधीच्या स्त्रीपार्ट्यांचं असेल, आणि त्यांची नावं कुणी घेत नाही. तेव्हा वापरलं म्हणून भांडू नकोस. वापरण्यासाठीच दिलं होतंस. पण नाईकांनी तोंडावर विचारल्यावर ‘सुचलां’ म्हणणं, आणि लिहिणारा दोन हातांवर उभा असताना म्हणणं, हे खोटं बोलणं झालं. ते त्यांना सांगायला हवं, आणि तूच सांगायला हवं.

रंगपटात सांगू नकोस. तोंडाला रंग लागायच्या आधी नट कुणाचा नसतो, आणि रंग पुसताना तर नाहीच. पावसात जा, भाताची लावणी आटोपल्यावर. घरी असतील, अंगात बनियन असेल, दारात चिखलाने भरलेलं इरलं असेल. तेव्हा तू ज्या माणसाशी बोलशील तो माणूसच असेल, आणि तुलाही त्याचा धाक कमी वाटेल. पाढे वाचू नकोस, तात्यांचं मध्ये आणू नकोस. एवढंच म्हण : ‘मामा, ती पाळण्याची वाक्यं माझी होती. तुम्ही बोललात तेव्हा मला रडू आलं. पण नाईकांना माझं नाव सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.’ मग गप्प बस. ते काय करतात बघ.

कदाचित हसण्यावारी नेतील. कदाचित रागावतील, तुला दारातून परत धाडतील. तसं झालं तर त्या कंपनीत जाऊ नकोस. सिंधुदुर्गात कंपन्या काही कमी नाहीत, आणि माइकची वायर बघता बघता लिहिणारा पोरगा कुठल्याही नाईकाला हवाच असतो. पण क्षणभर खाली बघितलं, ‘हां रे, माका आठवणच रव्हली नाय’ असं काहीतरी अर्धंमुर्धं म्हटलं, तर तेवढ्यावर भागव. त्या वयाच्या माणसाकडून त्यापेक्षा पुरी माफी बहुधा मिळत नसते. मग कार्तिकात खुशाल जा. ते दोन श्वास त्यांच्याकडूनच शिकायला मिळतील, दुसरीकडे नाही. त्यांच्या पाया पडावंसं वाटलं तर पड. नाही वाटलं तर नुसता चहा नेऊन दे.

नोकरीचे अर्ज मात्र चालू ठेव, त्यात आईचं ऐक.

आणि लिहीत राहा. रोज नाही जमलं तरी प्रत्येक आख्यानानंतर चार ओळी, खाली तारीख आणि गावाचं नाव घालून. कुणाला वाचायला द्यायची असेल तर कुडाळात कुठल्याही दुकानात झेरॉक्स काढून ती दे. मूळ वही घरी ठेव.

तुझी,
मावशी