हातावर पोट असताना संकटात तग कसा धरावा?

आपण विचारले आहे की, घरात दोघे कमावते असूनही महिनाअखेर काही उरत नाही आणि एखादे आजारपण आले की लगेच कर्ज होते, तर असे घर पैशाच्या बाबतीत भक्कम कसे करावे. मी जळगाव जिल्ह्यातील पारोळा तालुक्यातल्या एका सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याची मुलगी आहे आणि सध्या गावातील महिला बचत गटाचे हिशेब लिहिते. त्या अनुभवातून जे कळले तेवढेच येथे मांडते.

बचत करा, हा सल्ला आपल्याला अनेकांनी दिला असेलच. माझ्या पाहण्यात मात्र काठावरची घरे बुडतात ती बहुतेक वेळेच्या फरकामुळे. पैसा एका महिन्यात येतो आणि गरज भलत्याच महिन्यात उभी राहते. खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बदलते. त्या दिवशी वर्षाचा आकडा ठरतो, काही रक्कम उचल म्हणजे आगाऊ म्हणून हातात पडते आणि ती मागच्या देण्यातच जाते. बाईमाणसाला दसऱ्याच्या सुमारास कापूस वेचणीचे काम किलोच्या भावाने मिळू लागते व थंडीभर घरात रोख पैसा खेळतो. उन्हाळ्यात काम आटते, आणि पाऊस लांबला की निंदणीही लांबते. नेमक्या त्याच दिवसांत शाळेच्या वह्या, तापाची औषधे आणि गळणारे छप्पर हे सारे एकदम समोर येते.

माझी आई वेचणीच्या पैशांतून सर्वांत आधी ज्वारी आणि उडीद भरून ठेवत असे. श्रावणात काम नसले तरी घरात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी होई आणि किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत आमच्या नावावर मोठा आकडा चढत नसे. उधारीवर घेतलेले तेल-साखर रोखीपेक्षा महाग पडते, शिवाय जिची उधारी थकली आहे तिला स्वस्ताच्या दुकानात जाण्याची मोकळीकही उरत नाही. त्यामुळे हंगामात भरलेल्या धान्याला मी आजही गरीब घराची पहिली ठेव मानते.

दुसरी गोष्ट कर्जाची. कर्ज टळत नाही हे मान्य करून, ते कोणाकडून घ्यायचे हे अडचण येण्याआधीच ठरवून ठेवावे, कारण दवाखान्याच्या दारात उभे राहून कोणी व्याजाचा हिशेब करत नाही. सावकाराचे शेकडा पाच ऐकायला थोडे वाटतात, पण ते दरमहा असतात. वर्षाचे ६० टक्के होतात. हप्त्यांच्या कर्जाचीही तीच गत आहे. मागे आमच्या गटातील एका सदस्येने बाहेरून घेतलेल्या कर्जाचे कार्ड माझ्यासमोर ठेवले: १०,००० रुपये, वर्षाला २० टक्के, दरमहा १,००० चे १२ हप्ते. तिला हप्ता तोंडपाठ होता. मी कार्डाशेजारी कागद ठेवून दाखवले की सहाव्या हप्त्यानंतर जवळपास निम्मे मुद्दल फिटलेले असते, तरी व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवरच चालू राहते. त्यामुळे खरा दर ३५ टक्क्यांच्या आसपास जातो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार, वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, अशा कुटुंबाला दिलेल्या सूक्ष्म म्हणजे छोट्या कर्जासाठी तारण मागता येत नाही, मुदतीआधी फेडल्यास दंड लावता येत नाही आणि कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. हे आपल्या घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे.

विम्याचे थोडक्यात सांगते. २०१५ पासून चालू असलेल्या जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा या दोन केंद्रीय योजनांत वर्षाला ४३६ रुपयांत जीवन विमा आणि २० रुपयांत अपघात विमा मिळतो, प्रत्येकी २ लाखांचा. हप्ता मेअखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो, आणि आमच्याकडे खाते सर्वांत रिकामे असते ते याच महिन्यात! ४५६ रुपये वेचणीच्या दिवसांतच खात्यात टाकून विसरून जावे. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, मोफत उपचाराच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारावे. तो नसेल तर बहुधा ते रुग्णालय योजनेत नाही, असे समजावे.

साठलेला पैसा जास्त व्याजाच्या आशेने कोठेही ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जळगाव जिल्ह्यात पतसंस्था अडचणीत आल्या तेव्हा मुलीच्या लग्नासाठी ठेव ठेवलेली माणसे वर्षानुवर्षे खेटे घालत राहिली. बँकेतील ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही.

हेही स्पष्ट लिहिते की, मजुरीच इतकी तुटपुंजी असेल की पोटाला चिमटा काढूनही काही उरणार नाही, तेव्हा दोष हिशेबाचा नसतो आणि आपलाही नसतो. अशा वेळी हिशेबाच्या वहीपेक्षा वाढीव मजुरीसाठी चार जणांनी मिळून बोलणे अधिक उपयोगाचे ठरते.

आपण सुरुवात अशी करावी: एका कागदावर बारा महिने लिहून प्रत्येकापुढे किती येते व किती जाते ते मांडावे आणि सर्वांत अवघड दोन महिने हेरावेत. पहिल्या वर्षीची सगळी बचत केवळ त्या दोन महिन्यांसाठी राखावी. गावात बचत गट असेल तर घरातील बाईने त्यात जावे. आमच्या गटात अंतर्गत कर्जाला, म्हणजे गटाच्या बचतीतून सदस्यांना दिलेल्या कर्जाला, दरमहा शेकडा दोन व्याज आहे, ते घटत्या मुद्दलावर लागते आणि गटातच राहते. गट नसेल तर बचत गट उभे करणाऱ्या सरकारी उमेद अभियानाच्या तालुका कार्यालयात चौकशी करावी. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री सहा महिने नीट पाळली की गटाला बँकेकडे कर्ज मागता येते.