एअरबस येईल तेव्हा येईल, बाँडमध्ये एटीआरचं काय लिहिलंय ते आधी बघा

ताई, तुमचं पत्र वाचलं. खानापूरचा मुलगा, एएमई म्हणजे विमान देखभाल इंजिनिअरिंगचं शिक्षण पूर्ण, टर्बाइन इंजिनाच्या विमानांचं बी-१.१ लायसन्स हातात, आणि एका छोट्या विमान कंपनीची ऑफर आलीय जी सध्या फक्त एटीआर, म्हणजे पंख्याची छोटी विमानं, उडवते पण इंटरव्ह्यूत म्हणाले दोन वर्षांत एअरबस येणार, पहिल्या बॅचला तुला घेऊ, तीन वर्षांचा बाँड कर. दुसरीकडे हत्तरगीच्या एसईझेडमध्ये विमानाचे पार्ट बनवायच्या कारखान्यात क्वालिटीला जागा, बेळगावात मामाकडे राहून जाता येईल. कुठली घ्यावी, असं विचारलंय तुम्ही.

एअरबसचं आधी सांगतो, कारण तुम्ही सगळे त्यालाच भुललाय. ती कंपनी खोटं बोलतेय असं नाही म्हणत मी, पण एटीआरवरून मोठ्या जेटवर जाणं म्हणजे नुसतं विमान भाड्याने आणणं नव्हे. ४० टनांखालच्या विमानाच्या इंधनावर विक्रीकर कमी लागतो आणि ८० पेक्षा कमी सीट असल्या तर सरकारी विमानतळांवर लँडिंग चार्ज माफ, एटीआर या दोन्हीत बसतं, एअरबस ए-३२० एकातही नाही. म्हणजे सवलत गेली, आणि वर ७०-७५ च्या जागी १८० सीट भरायच्या, त्याही बेळगाव-बेंगळुरूसारख्या रूटवर जिथं रात्री स्लीपर बसची रांग लागलेली असते. शिवाय पायलट, स्पेअर, टूल, इंजिनिअर सगळं नव्याने उभं करायचं आणि डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याची, मंजुरी वेगळी. एअर डेक्कन २००३ मध्ये हुबळी-बेंगळुरूला एटीआर घेऊनच सुरू झाली, पुढच्याच वर्षी एअरबस आणल्या, तोटा वाढत गेला आणि २००८ पर्यंत किंगफिशरमध्ये विरून पण गेली. विजयवाड्याची एअर कोस्टा तर ११२ सीटच्या एम्ब्राएरपर्यंत पोचली होती, २०१७ ला बंद.

तरी माझं मत विचाराल तर विमान कंपनीच घ्या, फक्त एअरबससाठी नको, एटीआरसाठी घ्या. एटीआर काय नि एअरबस काय, लायसन्सची कॅटेगरी तीच बी-१.१, पण टाइप रेटिंग, म्हणजे त्या-त्या विमानाची लायसन्सवरची नोंद, प्रत्येकाचं वेगळं, आणि ते नसेल तर दुरुस्तीनंतर विमान उडायला सोडायची सही करता येत नाही, पोरगा दुसऱ्याच्या हाताखालीच राहतो. पहिल्या टाइपला ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष विमानावर कामाचं ट्रेनिंग, पण लागते, ती बाहेर मिळवायची म्हणजे डोकेदुखी असते ओ. एकदा एटीआर लायसन्सवर चढलं की ते त्याचं, मग कंपनी बुडो नाहीतर तरो, इंडिगो, अलायन्स एअर, आणि आपल्याला जवळची म्हणजे गोव्यातल्या मोपाची फ्लाय९१, सगळ्यांकडे एटीआर आहेत.

हत्तरगीचं काम वाईट नाही, पगार वेळेवर होत असेल तर घराला आधारच. पण लायसन्स वापरायचं तर मागच्या दोन वर्षांत सहा महिने मेंटेनन्सचा अनुभव लागतो, पार्ट तपासून तो भरेल असं धरू नका.

सही करण्याआधी एचआरला ईमेल करायला सांगा त्याला, फोन नको. एटीआरचा टाइप कोर्स आणि ओजेटी कधी, खर्च कोणाचा, बाँड जॉइनिंगपासून मोजणार की कोर्स संपल्यापासून, मध्येच सोडलं तर रक्कम दरवर्षी कमी होते का, आणि कंपनीनेच विमानं बंद केली तर बाँडचं काय. ओरिजिनल सर्टिफिकेट ठेवून घेतो म्हणाले तर तिथूनच परत या. कोर्सची तारीख लेखी देत नसतील तर मग हत्तरगीला जा आणि दुसऱ्या कंपन्यांना अर्ज टाकत राहा, सहा महिन्यांच्या वर तिथं रमू देऊ नका त्याला.