खान्देशात घरी शिकणाऱ्या मुलांना प्राणी जवळून दाखवायला कुठे न्यावं?

तुमची मुलं सात आणि दहा वर्षांची, घरीच शिकतात, आणि प्राण्यांना हात लावता येईल अशी तिकीट काढून जायची जागा जळगावच्या आसपास सापडत नाही, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐका, तशी जागा शोधूच नका. एखादा ओळखीचा गोठा धरा आणि वर्षभर तिथेच जात राहा.

आम्ही पहिल्या वर्षी उलटं केलं. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा गाठली. घोडे देखणे, पण गर्दी आणि धुरळा अफाट. धाकटा एका घोडीच्या मागून पळत सुटला. मालकानं दंड धरून ओढलं, "मांगे नको जाऊ रे भाऊ, लात मारी!" घरी आल्यावर पोराला आठवत होता तो फक्त पाळणा.

मग यावल तालुक्यात माझ्या मामांकडे दर शनिवारी जायला लागलो. मुलं त्यांना आबा म्हणतात. तीन म्हशी, दोन शेळ्या, कोंबड्या. पहिले काही शनिवार मुलांचा रुमाल नाकावरून हलला नाही. (मीही लावला असता, पण आजोळी तसं करता येत नाही.) हळूहळू वास गेला आणि प्रश्न सुरू झाले. पारडू आधी का पाजायचं? म्हैस पान्हा सोडते म्हणजे काय? आबांनी मुलीला धार काढायला बसवलं. सड नुसता ओढून दूध येत नाही; मुळाशी अंगठा आणि बोटानं दाबून धरायचं, मग खालची बोटं एकेक करून मिटत आणायची. दोन शनिवार दूध बादलीपेक्षा तिच्या फ्रॉकवरच जास्त.

"शेवटची धार घट्ट असते," आबा सहज बोलून गेले. पोरीनं लगेच सुरुवातीचं दूध एका पेल्यात आणि शेवटचं दुसऱ्यात घेतलं. दोन्ही वेगवेगळं तापवून रात्रभर ठेवलं. सकाळी दुसऱ्यावरची साय बोटानं उचलली तर अखंड आली, पहिल्यावरची नुसती फाटत होती. मग डेअरीवर फॅट कसं मोजतात ते बघायला गेलो. 6.4 आणि 6.8 मधल्या फरकानं हातात किती पैसे कमी येतात हे त्या पावतीवर दिसलं, आणि दशांश अपूर्णांक वेगळे शिकवावे लागले नाहीत.

धाकट्याला कोंबडी लागली. अंडी उबवायला खुडूक बसलेली कोंबडी, पिल्लं निघेपर्यंत 21 दिवस. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरा, आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. तो श्वास रोखून बघत होता.

याला जोड म्हणून हिवाळ्यात हतनूर धरणावर पक्षी बघा. पाहुणे चक्रवाक दिसतात, पण ते दुर्बिणीतूनच. रावेर तालुक्यातल्या पाल गावी कृषी विज्ञान केंद्र आहे, आधी फोन करून जा. शेतात ठेलाऱ्यांचा, म्हणजे फिरत्या मेंढपाळांचा, वाडा बसलेला दिसला तर लांबूनच हाक मारा, कुत्री पाहुणे ओळखत नाहीत. त्यांनी हो म्हटलं तर कोकरू मांडीवर मिळतं, आणि खतासाठी शेतकरी मेंढ्या शेतात का बसवतो तेही कळतं. साप हातात देणाऱ्या, पोपट दाखवणाऱ्या खेळांना मात्र नेऊ नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला बंदी आहे, आणि त्या सापाचे हाल वेगळेच.

काळजीचं थोडं. गोठ्यातून आल्यावर साबणानं हात धुवायचे, कच्चं दूध कुणी कितीही आग्रह केला तरी प्यायचं नाही, धनुर्वाताची लस झालेली हवी. कुत्रं चावलं किंवा ओरबाडलं तर जखम 15 मिनिटं साबण-पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा, हळद-चुना लावत बसू नका. गावात जनावरांची साथ असेल तर जाणं थांबवा. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा आम्हीही थांबलो. तो माणसाला होत नाही, पण अशा वेळी गोठ्यात बाहेरच्यांची ये-जा मालकाला नकोच असते.

पैसे काय द्यायचे म्हणाल, तर ओळखीचे लोक घेत नाहीत. आम्ही अधूनमधून सरकी ढेपेचं पोतं टाकून येतो. आणि धारेच्या वेळी फोटोचा फ्लॅश मारू नका. म्हैस पान्हा चोरते, म्हणजे दूध आवरून धरते, मग आबा दिवसभर आपल्याशी बोलत नाहीत.