वेगमर्यादा नसती तर चालकाला सुरक्षित वेग स्वतः ठरवता येईल का?

अनुभवी चालकाला रस्ता बघूनच वेग कळतो, मग मर्यादेच्या पाट्या आणि दंड कशाला, असा तुमच्या प्रश्नाचा रोख आहे. यातलं अर्धं मला मान्य आहे. खड्डा, चिंचोळा पूल, आंधळं वळण, समोरची गर्दी असं डोळ्यांना दिसलं की बहुतेकांचा पाय ॲक्सिलरेटरवरून आपसूक उठतो. अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची आहे आणि त्यात पहिली गोष्ट म्हणजे आपला स्वतःचाच वेग.

तासभर १०० च्या वेगाने गाडी चालवून वस्तीत शिरलं की ५० म्हणजे गाडी रांगतेय असं वाटतं. डोळे आधीच्या वेगाला सरावलेले असतात. काटा न बघता अंदाजाने वेग कमी करणारा माणूस त्यामुळे ठरवलेल्या वेगाच्या बराच वर थांबतो. रुंद रस्ता, उंच सीट, बंद काचा आणि शांत इंजिन या सगळ्यांमुळे वेग आहे त्यापेक्षा कमीच भासतो. ब्रिटनमध्ये मोठ्या गोल चौकाच्या अलीकडे रस्त्यावर आडवे पिवळे पट्टे मारतात आणि चौक जवळ येईल तसं त्यांच्यातलं अंतर घटवत नेतात. पट्टे भराभर मागे पडू लागले की वेग वाढल्याचा भास होतो आणि पाय ब्रेकवर जातो. म्हणजे नजरेला फसवून वेग कमी करता येतो. मग तीच नजर उलट बाजूनेही फसणारच.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबायला लागणारं अंतर. इथे अंदाज सपशेल चुकतो, कारण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे वेग दुप्पट तर अंतर चौपट. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरा, रस्ता कोरडा आणि टायर चांगले धरा. ६० च्या वेगाला आधी २५ मीटर नुसते निघून जातात, मग ब्रेकवर २० मीटर, म्हणजे एकूण ४५. ८० ला हाच हिशेब ३३ अधिक ३५, म्हणजे ६८ मीटर होतो. आता खरा मुद्दा बघा. दोन गाड्या शेजारून चालल्या आहेत, एक ६० ने, एक ८० ने, आणि दोघांना एकाच क्षणी ४५ मीटरवर माणूस दिसला. पहिली त्याच्या पुढ्यात येऊन थांबते. दुसरी त्याच जागी अजून ६५ च्या आसपास असते. ‘थोडा तर जास्त होता वेग’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात फरक २० चा असतो, धडक मात्र ६५ ची बसते. १०० ने येणाऱ्याचा तर तिथे ब्रेक नुकताच लागलेला असतो. ओल्या रस्त्यावर ८० ला ब्रेकचंच अंतर ३५ वरून साधारण ६० मीटरवर जातं. आणि एवढं करून वाचतं काय? १० किलोमीटरला ८० ऐवजी १०० ठेवलात तर दीड मिनिट.

शिवाय चुकीच्या अंदाजाची शिक्षा लगेच मिळत नाही. वळणापलीकडे उभा ट्रक नसेल तर जास्त वेगही ‘जमून गेला’ म्हणूनच लक्षात राहतो. सरावाने गाडीवरचा हात बसतो, वेगाचा अंदाज सुधारेलच असं नाही.

याचे प्रयोग प्रत्यक्ष झालेत. अमेरिकेच्या मोंटाना राज्याने १९९५ च्या डिसेंबरात दिवसा कारसाठी आकडाच काढून टाकला आणि परिस्थितीला धरून वाजवी वेग ठेवा, एवढाच नियम ठेवला. ताशी ८५ मैलांना पकडलेल्या एका चालकाचा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. मग किती वेग वाजवी ठरला असता, हे पकडणाऱ्या पोलिसालाही सांगता आलं नव्हतं. न्यायालयाने १९९८ मध्ये तो नियम संदिग्ध म्हणून रद्द केला आणि १९९९ मध्ये ७५ मैलांचा आकडा आला. जर्मनीच्या ऑटोबानचा, म्हणजे बऱ्याच भागात वेगमर्यादा नसलेल्या द्रुतगती महामार्गांचा दाखला सगळेच देतात, पण तिथेही १९७८ पासून १३० किलोमीटरची शिफारस आहे आणि त्यावर गेलेल्याला अपघातात स्वतःची चूक नसतानाही नुकसानीचा काही भाग सोसावा लागू शकतो. त्या रस्त्यावर चौक नाहीत, पादचारी नाहीत, समोरून येणारी वाहनं नाहीत. त्याच देशात गावात ५० ची मर्यादा आहेच.

बरं, चालकांचा अंदाज अगदीच मोडीत काढलेला नाही. अनेक ठिकाणी मर्यादा ठरवताना मोकळ्या रस्त्यावरच्या गाड्यांचे वेग मोजतात आणि १०० पैकी ८५ जण ज्या वेगाच्या आत राहतात तो आकडा आधाराला घेतात. लांबच्या मोकळ्या रस्त्याला हे ठीक आहे. वस्तीतल्या रुंद, सरळ रस्त्याला मला ते अजिबात पटत नाही, कारण तो रस्ताच पळा म्हणून सांगतो, आणि पायी चालणारा त्या मोजणीत कुठेच नसतो. तिथे नुसती पाटी लावूनही भागत नाही. मार्गिका अरुंद कराव्या लागतात, ओलांडायच्या जागी उंचवटा द्यावा लागतो.

मर्यादा हे छत आहे, त्याच्या आतला वेग तुम्हालाच ठरवायचा असतो. त्यासाठी कसोटी एकच: जेवढा रस्ता मोकळा दिसतोय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, आणि एकच गाडी मावेल पण समोरूनही वाहन येऊ शकेल अशा अरुंद रस्त्यावर त्याच्या निम्म्यात. वळणात रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे जिथे मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूवर नजर ठेवा. तो तुमच्याकडे सरकत येत असेल तर वेग जास्त आहे, पुढे पळू लागला की वळण सुटतंय. पुढच्या गाडीने खांब ओलांडला की मोजायला लागा. तुम्ही तिथे पोचेपर्यंत कोरड्यात किमान दोन आणि पावसात चार सेकंद जायला हवेत. रात्री डिपरवर गडद कपड्यातला माणूस ५० मीटरवरही दिसेलच असं नाही. वरचा हिशेब लावलात तर त्या उजेडात ६० सुद्धा काठावरचा वेग आहे. आणि महामार्ग सोडल्यावर पहिली काही मिनिटं अंदाजावर जाऊ नका, काट्याकडे बघत चला.