कावळे-चिमण्या कशाला नोंदवायच्या?

तुमचं म्हणणं असं की, घराजवळच्या तळ्यावर तेच ते दहा-बारा पक्षी दिसतात, ते ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी जमा करणाऱ्या संकेतस्थळावर, टाकून कुणाला काय मिळणार? संशोधन तर शास्त्रज्ञ करतात. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही असाच होतो. फक्त 'भारी' पक्षी टाकायचो. त्या नोंदी आज उघडल्या की निम्म्याहून जास्त बिनकामाच्या वाटतात.

यादी जमा करताना शेवटी एक प्रश्न येतो: ओळखू आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? तिथं 'हो' म्हटलं की न लिहिलेल्या पक्ष्यालाही अर्थ येतो. समजा तालुक्यातल्या अशा १०० पूर्ण याद्यांपैकी आज ६० याद्यांत चिमणी आहे आणि दहा वर्षांनी ४० याद्यांत उरली, तर काहीतरी बिघडलंय हे कळतं. मी नुसतं 'हळदीकुंकू बदक, २' लिहून मोकळा झालो, तर चिमणी तिथं नव्हती की मीच तिला मोजलं नाही, हे कुणी कसं ओळखायचं? किती मिनिटं थांबलात, किती चाललात हेही त्यासाठीच विचारतात.

'चिमण्या संपल्या' हे आपण वर्षानुवर्षं एकमेकांना सांगतोय. २०२० साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला, तो हौशी लोकांच्या एक कोटीहून जास्त नोंदींवर बेतलेला. त्यात देशभरात मिळून चिमणी बऱ्यापैकी टिकून असल्याचं दिसलं. घट होती ती मुंबईसारख्या महानगरांत. २०२३ च्या अहवालापर्यंत नोंदी तीन कोटींवर गेल्या आणि दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंख घटतोय हे समोर आलं. नीलपंख काही दुर्मीळ पक्षी नव्हे, तारांवर बसलेला असतो. म्हणून तर त्याला कुणी मोजत नव्हतं.

चुकेल म्हणून घाबरू नका. एका जूनमध्ये बांधावरच्या बाभळीवर बसलेल्या पक्ष्याचा फोटो काढून मी 'शिक्रा' (छोटा शिकारी पक्षी) लिहिलं. चार वर्षांनी एका अनोळखी माणसाने कळवलं, चोच बघा. बघितली तर बारीक, सरळ. शिकाऱ्याची आकडी चोच नाहीच. पावशा! बरं, त्या दिवशी सकाळपासून त्याचं 'पेर्ते व्हा' कानावर पडत होतं. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाने ही चूक करावी, म्हणजे कमालच. फोटो जोडलेला होता म्हणून ती सापडली तरी. वेगळी नोंद दिसली की तपासणारे स्वयंसेवक पुरावा मागतात, त्याचा राग धरू नका. मर्लिन ॲप आवाजावरून नाव सांगतं, पण पक्षी दिसेपर्यंत किंवा आवाजाची खात्री होईपर्यंत ते यादीत घालू नका.

या सगळ्यात एक खोट आहेच. आपल्या बहुतेक याद्या रविवार सकाळच्या, आणि त्याही भिगवण-सिंहगडसारख्या ठरलेल्या जागांच्या. कुणी न गेलेल्या तळ्यावरची बुधवारची साधी यादी त्यामुळेच जास्त मोलाची. घरट्याची नेमकी जागा मात्र लिहू नका, कॅमेरेवाल्यांची रांग लागते. काही नाजूक प्रजातींची ठिकाणं ईबर्ड स्वतःच झाकतं.

सेटिंगमध्ये भाषा बदलली की नावं मराठीत दिसतात. उद्या पंधरा मिनिटं तळ्यावर थांबा, कावळ्यापासून सुरुवात करा. तीसेक वाटले तर ३० लिहा, आकड्याऐवजी नुसती 'दिसला' अशी फुलीची खूण नको.