गोंधळ्याचा आवाज माइकशिवाय पार वेशीपर्यंत कसा जातो? तसा पहाडी आवाज कमावता येतो का?

छातीच्या जोरावर जातो, हे आधी डोक्यातून काढा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो. तोंडापासून १ मीटरवर ९५ असेल तर ३२ मीटरवर ६५ उरला, आणि मध्ये संबळ, झांज, पोरांचा कालवा. ही तूट दम लावून भरत नाही. आपला कान २ ते ५ हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, आणि मुरलेला गोंधळी आपली ताकद तिथंच नेऊन टाकतो.

त्याचे स्वरतंतू प्रत्येक कंपनात जास्त वेळ मिटलेले राहतात आणि मिटतात तेही फटकन. त्यानं वरचे उपस्वर, म्हणजे मूळ सुराच्या पटीत त्याच्यासोबत वाजणारे सूर, जोरकस होतात. शिवाय स्वरयंत्राच्या लगेच वरची नळी चिंचोळी होते, म्हणून ३ हजारांच्या आसपास उठाव येतो. ऑपेरा गायकांमधला असा उठाव आवाजाचे स्वीडिश संशोधक योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकातच उलगडून दाखवला. फरक एवढाच की ऑपेरावाला स्वरयंत्र खाली ठेवतो, आपला माणूस ते वर उचलतो आणि जबडा मोकळा सोडतो. म्हणून इथं गोलाई नाही, धार आहे.

पेटीवरच्या काळी चारचा तार सा ४१५ हर्ट्‌झ, त्याचा दुसरा उपस्वर ८३०. उघड्या जबड्याच्या ‘आ’चा पहिला अनुनाद, म्हणजे घसा-तोंडाची पोकळी जिथं आपसूक घुमते ती जागा, त्याच्याच आसपास येतो. दोन्ही जुळले की फारसा जोर न लावता आवाज फुटतो. ‘ई’चा पहिला अनुनाद ३०० च्या जवळ, म्हणजे सूरच त्याच्या वर निघून गेलेला. म्हणून वरच्या पट्टीत ‘आई’तला ‘ई’ जरा ‘ए’कडं झुकतो, आणि ‘उदो उदो’त सगळी ओढ ‘ओ’वर असते. शुद्ध उच्चाराचा आग्रह धरणारे नेमके तिथंच टोकतात आणि पोराचा गळा आवळला जातो.

आमच्या भागातल्या एका गायन मास्तरांशी माझा जुना वाद याच्यावरच आहे. त्यांच्या मते हा ‘गळा दाबून काढलेला कच्चा आवाज’. मतं राहू द्या, मोजून बघा. उघड्या शेतात वारा पडल्यावर गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर, जरा बाजूला रेकॉर्डर ठेवा. वेव्ह फाइल, ४४.१ किलोहर्ट्‌झ, ऑटो लेव्हल (आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद. मोबाइलवर घेऊ नका, त्यातलं आवाज गाळणारं तंत्र लांबलेला सूरच खाऊन टाकतं. संबळ थांबवून अर्धा मिनिट नुसता गळा घ्या आणि ‘प्रात’ (Praat) नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या पट्ट्यात किती ताकद याचा आलेख, उघडा. २ हजारांखालचं सगळ्यात उंच टोक आणि २ ते ४ हजारांमधलं सगळ्यात उंच टोक यांत जितकं कमी अंतर, तितका आवाज खडा. मग उपस्वरांच्या रेषांमधली जागा बघा. दाबलेल्या गळ्यात तिथं खरखर भरलेली दिसते, कमावलेल्या गळ्यात रेषा सुट्या आणि स्वच्छ. दाबून गाणारा गळा मध्यरात्र बघत नाही. परभणीचे गोंधळी राजारामबापू कदम यांची परंपरा तर रात्र जागवणाऱ्या आख्यानांची आहे.

साउंडवाल्यांबद्दल न बोललेलं बरं, पण बोलतो. आवाज ‘कर्कश’ वाटला की ते मिडचं, म्हणजे मधल्या पट्ट्याचं, बटण खाली करतात. छोट्या मिक्सरवर ते बहुधा अडीच हजारांवर बसवलेलं असतं, म्हणजे धारच कापली. वर बेस वाढवतात, इको सोडतात. माइक ओठाला लावला की खालचा आवाज आपोआप फुगतो, त्यात ही भर, आणि शब्द चिखलात. माइक वीतभर लांब, लो कट (खालचा आवाज गाळणारं बटण) चालू, मिड सरळ, इको शून्य. झांज माइकपासून दूर उभी करा, ती त्याच पट्ट्यात घुसते.

कमावायचा कसा? शेताच्या बांधावरून हाळी देता तसा ‘एऽऽ’ काढा, तोच हळू करत सुरावर आणा. कानाशी हात धरा. वरचे उपस्वर समोर निघून जातात, ते हातानं कानावर परत येतात. रोज दहा-दहा मिनिटांचे दोन फेर पुष्कळ झाले. घसा खवखवला तर दम जास्त सोडताय. पाण्यात २-३ सेंटिमीटर बुडवलेल्या स्ट्रॉमधून गुणगुणा, तंतू मोकळे होतात. मास्तर सांगतात तसा नुसत्या खर्जानं, म्हणजे खालच्या सुरांच्या रियाजानं, हा आवाज येत नाही. मात्र थकलेल्या गळ्याला सकाळचा हलका खर्ज आराम देतो, एवढं मास्तरांचं खरं.

आणि हो, थोडं श्रेय रात्रीलाही द्या. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा थंड असते, म्हणून आवाज वर न जाता खाली वळतो आणि लांब पोचतो. तेच पद दुपारी उन्हात म्हणून बघा, अर्ध्या वाटेत विरेल. आवाज तीन आठवडे बसलेला राहिला तर मात्र रियाज बंद करा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. तंबाखू खाणाऱ्यांनी तर एवढंही थांबू नये.