गोठ्यात सारखी धामण दिसते. ती विषारी असते का? म्हशीचं दूध पिते, शेपटीने मारते हे खरं का? घरची मंडळी काठी घेऊन तयार आहेत, मारावी का?

मारू नका. हे आधी सांगतो, कारण घरची मंडळी काठी घेऊन तयार आहेत असं तुम्ही लिहिलंय. धामण पूर्ण बिनविषारी आहे. तिला विषाचे दातच नसतात.

ती दुधासाठी नाही, उंदरांसाठी येते. पेंड, भुसा, कणगी असेल तिथे उंदीर येणारच, आणि उंदीर तिथे धामण. ती दिवसा फिरते, म्हणून इतर सापांपेक्षा जास्त दिसते. रात्री धान्य खाऊन उंदीर दिवसा बिळात पडलेले असतात, तेव्हा ही थेट बिळात शिरते. मांजराला ते जमत नाही. भक्ष्य अंगाखाली दाबून धरते आणि बहुतेकदा जिवंतच गिळते.

दुधाचं म्हणाल तर सापाला चोखता येतच नाही. शिवाय त्याचे दात आत वळलेले आणि टोकदार असतात. ते सडाला लागले तर कुठली म्हैस शांत उभी राहील? म्हशीचं दूध अचानक कमी झालं असेल तर कासदाह झालाय का ते पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. रेडकू सुटून पिऊन जातंय का, तेही बघा.

शेपटीत ना काटा असतो ना विष. धरली की ती सुटण्यासाठी शेपूट आपटते, एवढंच. धामण ही नागाची मादी, हाही गैरसमजच. दोन्ही जाती वेगळ्या, दोन्हींत नर-मादी असतात. आणि दोन धामणी एकमेकींना पीळ घालून फूट-दीड फूट उभ्या राहिलेल्या दिसल्या, तर लोक मीलन समजून हात जोडतात. ते बहुतेक वेळा दोन नर असतात. एकमेकांना खाली दाबायची झुंज चाललेली असते. लांबून जरूर बघा, फार देखणं असतं, पण अंगावर कापड टाकायला जाऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ती धामणच आहे ना? पाच-सात फुटांचा पिवळट किंवा तपकिरी साप घाईत नागासारखा दिसतो आणि खूप धामणी याच भीतीने मारल्या जातात. मोबाइलवर लांबूनच फोटो काढा आणि मोठा करून बघा. धामणीच्या ओठांवर पेनाने ओढल्यासारख्या काळ्या उभ्या रेघा असतात, डोळे मोठे, मान डोक्यापेक्षा बारीक, आणि शेपटीकडच्या अर्ध्या अंगावर काळसर जाळीदार पट्टे. कोंडीत सापडली की गळा फुगवते आणि गुरगुरल्यासारखा आवाज काढते, पण तो गळा बाजूने बघितल्यावर रुंद दिसतो. नागाचा फणा समोरून रुंद दिसतो. एवढं करूनही शंका राहिली तर विषारी समजूनच लांब राहा.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार धामण मारणं, पकडून ठेवणं गुन्हा आहे. घरात शिरली आणि बाहेर जाईना, तर महाराष्ट्रात वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा, नाहीतर गावातल्या जाणत्या सर्पमित्राला बोलवा. मदत येईपर्यंत धामणीची वाट मोकळी ठेवा, गर्दी करू नका, बहुतेकदा ती आपणच निघून जाते.

चावली तर जखम साबणाने धुवा आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. साप नक्की कोणता होता हे ठाऊक नसेल, तर मात्र एक मिनिटही न दवडता सरकारी रुग्णालय गाठा. मांत्रिक नको, आवळपट्टी नको, जखम चिरणंही नको.